‘सगळं समजते, फक्त बोलून नाही राहिला’: बालवाडीतल्या मुलांच्या विकास-तपासणीबद्दल नागपूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात माझा फोन वाजायला लागतो. “बालवाडीच्या मॅडम म्हणाल्या, एकदा दाखवून घ्या. दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?” मी ओटी आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. दोन ते सहा वर्षांची लेकरं हाच माझा दिवसभराचा उद्योग. फोनवर तीच ती उत्तरं देताना घाईत काहीतरी सुटतं, म्हणून ती इथे सावकाश लिहून ठेवली आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचा, क्रमाचं बंधन नाही.

विकास-तपासणी म्हणजे नेमकं काय?

चाळणी. गहू चाळताना जे चाळणीवर राहतं ते सगळे खडेच असतात असं नाही, जाड दाणेही असतात. म्हणून आई ते ताटात घेऊन निवडत बसते. आमच्याकडे चाळणं म्हणजे स्क्रीनिंग आणि निवडणं म्हणजे सविस्तर असेसमेंट. या दोन पायऱ्या पालकांच्या डोक्यात एक होतात आणि निम्मी भीती तिथूनच येते. स्क्रीनिंगमधून आजाराचं नाव निघत नाही. निघतं ते इतकंच, की या मुलाकडे आणखी नीट बघायला हवं की नको.

प्रत्यक्षात अर्धा तास लागतो. सतरंजीवर इंचभर बाजूचे लाकडी ठोकळे, जाड खडू, मोठे मणी आणि दोरी, एक चित्रांचं पुस्तक, एक बाहुली आणि तिची वाटी-चमचा. साधारण तीन वर्षांचं मूल नऊ ठोकळ्यांचा मनोरा रचतं, तीन ठोकळ्यांचा पूल बघून तसाच करतं, गोल काढून दाखवला तर गोल काढतं. पण मी फक्त मनोरा मोजत नाही. मनोरा पडला की ते आईकडे बघतं का, हसतं का, “पडला!” असं कुणाला तरी सांगतं का, यावरही माझं लक्ष असतं.

आमचं मूल खातं-पितं, पळतं. तरी कशाला?

पळणारी मुलंही बोलण्यात किंवा ऐकण्यात मागे असू शकतात आणि चालता-बोलता ते सहज झाकलं जातं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे, की प्रत्येक भेटीत मुलाच्या विकासाची विचारपूस व्हावी आणि ९ ते १२ महिने, १८ ते २४ महिने आणि शाळेत जाण्याचं वय, अशा तीन टप्प्यांवर प्रमाणित साधन वापरून तपासणी व्हावी. यातले पहिले दोन टप्पे गोवर-रुबेलाच्या दोन डोसांच्या आसपासच येतात. लस घ्यायला जाताच आहात, तर दंडावर सुई टोचून झाल्यावर एवढं विचारा: “डॉक्टर, याचा विकास वयाप्रमाणे आहे ना?” ओपीडीच्या गर्दीत हा प्रश्न डॉक्टरांकडून आपणहून येईलच असं नाही. तुम्ही विचारलात तर उत्तर द्यावंच लागतं.

‘त्याले सगळं समजते, फक्त बोलून नाही राहिला.’ मग काळजी कशाला?

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य हेच. कधी ते खरंही असतं. पण ‘समजते’ म्हणजे काय, ते एकदा घरी करून बघा.

संध्याकाळी पाचला तुम्ही चप्पल घालता, किल्ली उचलता, दाराकडे बघता आणि म्हणता, “चल, चप्पल आण.” लेकरू धावत जाऊन चप्पल आणतं. त्याला वाक्य समजलं की किल्लीचा आवाज? मुलं हुशार असतात, आपले हात, डोळे आणि घरातली वेळ वाचतात. आता दुपारी, बसल्या जागेवरून, हात पाठीमागे घेऊन, त्या दिशेला न बघता म्हणा: “आजीची चष्म्याची डबी आण.” मग: “चमचा वाटीत ठेव आणि वाटी मला दे.” अडीच-तीन वर्षांच्या मुलाला दोन टप्प्यांची अशी सूचना जमायला हवी. नुसत्या शब्दांवर ते अडकत असेल, तर प्रश्न समजण्याचाही आहे. समज आणि बोलणं दोन्ही मागे असणं हे फक्त बोलणं मागे असण्यापेक्षा जास्त गांभीर्यानं घ्यायचं.

दुसरी गोष्ट कानांची. बोलणं उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी करायची, अपवाद नाही. “दार वाजलं की वळतो”, “टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो” हे पुरावे नाहीत. दाराचा धाडकन आवाज ऐकू येतो पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक आवाज निसटतात, असं होऊ शकतं. सर्दी-पडशानंतर पडद्यामागे पाणी साचून काही आठवडे कमी ऐकू येणं तर या वयात नेहमीचं. त्यात आपल्याकडे मार्चपासून कूलर चालू होतो. त्या घरघरीत थोडं कमी ऐकणाऱ्या मुलाला आपलं बोलणं म्हणजे नुसतं पुटपुटणं. लहान मुलांना ‘ऐकू आलं तर हात वर कर’ सांगता येत नाही, म्हणून ओएई आणि बेरा या चाचण्या असतात. मूल झोपलेलं असतानाही होतात, दुखत नाही.

आणि “याचे बाबाही चार वर्षांनी बोलले”? असेल. पण बाबांसारखीच उशिरा बोलणारी जी मुलं पुढे मागेच राहिली, त्यांचा किस्सा लग्नाच्या पंगतीत कोणी सांगत नाही. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण तो फरक सरासरी महिन्या-दोन महिन्यांचा. दोन वर्षांचा नव्हे.

घरात मराठी, खाली खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे गोंधळून गप्प झालाय का?

नाही. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर होतं, इथल्या वाड्या-वस्त्यांमध्ये दोन भाषा एका वाक्यात नांदतात आणि पिढ्यान् पिढ्या मुलं बोलत आली आहेत. दोन भाषा ऐकल्यानं भाषाविकार होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा: ‘पाणी’, ‘गाडी’, ‘बॉल’, ‘चलो’ हे चार शब्द झाले. मूल खरंच मागे असेल तर ते दोन्ही भाषांत मागे दिसतं. “मराठी बंद करा, घरी फक्त इंग्रजी बोला” असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. आजी ज्या भाषेत ओव्या म्हणते आणि रागावते, ती मुलाची सगळ्यात श्रीमंत भाषा असते.

जिभेला वेखंड, अक्कलकारा लावू का? डॉक्टरांकडून जीभ कापून घ्यावी का?

लावू नका, त्यानं शब्द येत नाहीत, जीभ मात्र चरचरते. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही उच्चारांत अडचण येऊ शकते, पण त्यामुळे मूल मुकं राहत नाही.

घरी काय काय बघावं?

तक्ते सगळीकडे मिळतात. लसीकरणाचं जे माता-बाल संरक्षण कार्ड तुमच्याकडे आहे, त्यातही वाढीच्या तक्त्याबरोबर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. बहुतेक घरांत ते कार्ड लशीच्या तारखेपुरतंच उघडलं जातं. आज उघडून बघा. मी मात्र तक्त्याऐवजी रोजचे प्रसंग सांगते.

तान्हा पोळा घ्या. दीड-दोन वर्षांचं लेकरू लाकडी नंदीची दोरी धरून चालतं, नंदी उलटला तरी ओढत राहतं. तिसऱ्या वर्षी ते मागे वळून बघतं, थांबतं, नंदी सरळ करतं. त्याला गवत ‘खाऊ’ घालतं, पाणी ‘पाजतं’. हा खोटा-खोटा खेळ फार मोलाचा आहे, भाषेच्याच घरातला. चौथ्या वर्षी शेजारच्या पोराच्या नंदीशी तुलना सुरू होते, “माझ्याले झूल लाव” असा हट्ट होतो, पाचव्या वर्षी कोणत्या काकूकडून किती बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मिळाला याचा हिशेब आणि संध्याकाळी आजोबांना सगळी हकिकत. एखादं मूल नंदी उलटा करून फक्त चाकं फिरवत बसलं तर? एकट्या त्या गोष्टीचा काही अर्थ नाही, चाकं सगळ्यांनाच आवडतात. पण तेच मूल नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, हवं ते बोटानं दाखवत नसेल, आपला हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवत असेल, तर एकत्र मिळून अर्थ होतो.

हातांसाठी मी संत्रं वापरते, नागपुरात राहून दुसरं काय वापरणार! साल थोडी सोलून दिलं तर साडेतीन-चार वर्षांचं मूल पुढची साल ओढून काढतं, फोडी वेगळ्या करतं, बी काढून ताटलीत ठेवतं. एक हात धरतो, दुसरा काम करतो. जे मूल फळ छातीशी दाबून एकाच हातानं झगडतं किंवा रसाचा हात लागताच किंचाळून उठतं, त्याच्याकडे मी जरा जास्त वेळ बघते.

बोलण्याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर असा: दोन वर्षांचं मूल दोन शब्द स्वतः जोडतं (“पाणी दे”, “बाबा गेले”), तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्यं येतात आणि घराबाहेरच्या माणसालाही त्यातलं पाऊण समजतं, चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं.

कोणत्या गोष्टी दिसल्या तर वाट बघायचीच नाही?

आलेले शब्द किंवा हातवारे गेले, कोणत्याही वयात. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचं स्वतःचं वाक्य नाही. टीव्हीची ओळ जशीच्या तशी म्हणणं यात धरू नका. अठरा महिने झाले, चालत नाही. वर्षाच्या आतच एक हात ठळकपणे जास्त वापरतो आणि दुसरा मुठीत: हे ‘डावखुरा आहे’ म्हणून सोडून देऊ नका, त्या वयात हाताची पसंती ठरलेली नसते. क्षणभर हरवल्यासारखं टक लावणं वारंवार होतंय आणि हाक मारून, हात लावूनही भानावर येत नाही. आणि शेवटचं, जे कुठल्याच तक्त्यात नसतं: आईला सारखं काहीतरी वेगळं वाटतंय. आईच्या काळजीला मी एक लक्षण म्हणूनच वहीत लिहिते.

पुढच्या पोळ्यापर्यंत थांबून बघितलं तर काय बिघडतं?

कधी कधी काहीच बिघडत नाही, मूल आपणहून बोलायला लागतं. अडचण अशी, की कोणतं मूल आपणहून बोलेल आणि कोणतं नाही हे दोन-अडीच वर्षांच्या वयात बाहेरून सारखंच दिसतं. तपासणीचा उपयोग नेमका तिथे आहे.

वाट बघण्याला आपण ‘काही न करणं’ समजतो. पण तीन वर्षांच्या मुलाचं एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. त्या वर्षात ऐकू न येणाऱ्या मुलाचे हजारो शब्द निसटतात. एका डोळ्यानं अंधुक दिसत असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ‘आळशी डोळा’ म्हणतात तो हाच, आणि सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं कठीण होत जातं. शिवाय जे सांगता येत नाही ते मूल चावून, आपटून, डोकं भिंतीवर मारून सांगायला लागतं, मग घरात त्याचं नाव ‘जिद्दी’ पडतं आणि मूळ प्रश्न त्या नावाखाली दबतो.

तपासणी करून घरी गेलेल्या पालकांचा अर्धा दिवस वाया गेला असं फार तर म्हणता येईल. माझ्याकडे येऊन “काही नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा” ऐकून तर्री-पोहे खाऊन घरी गेलेली कुटुंबं भरपूर आहेत. मलाही तोच दिवस जास्त आवडतो.

बाळ वेळेआधी जन्मलंय. वय कसं धरायचं?

दोन वर्षांचं होईपर्यंत दुरुस्त वय धरायचं. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलं, म्हणजे कॅलेंडरनं सहा महिन्यांचं असताना त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा. लसी मात्र कॅलेंडरच्या वयानंच. काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांची ऐकण्या-बघण्याची तपासणी आवर्जून करून घ्यायची आणि बालवाडीत गेल्यावरही त्यांच्यावर नजर ठेवायची.

मोबाइलमुळे ऑटिझम झाला का? आमचीच चूक का?

मोबाइलनं ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होत नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द व्हॉट्सॲपवर फिरतो, पण ते वैद्यकीय निदान नाही. मोबाइल काय करतो, तर बोलण्याची वेळ खातो. जेवताना “हा बघ भात, गरम आहे, फुंकर मार” हे जे तीस-चाळीस घास चालायचं ते बंद होतं. दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. स्क्रीन कमी केल्यावर काही मुलं भराभर फुलतात. पण “आधी तीन महिने मोबाइल बंद करू, मग दाखवू” असं करू नका. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करा.

चूक शोधण्यात मला रस नाही. दोघं नोकरीला, आजी गावाला, टू-बीएचके आणि बाहेर ४५ अंश. मोबाइल हातात का आला हे मला न सांगताही कळतं.

२० प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात तो काय असतो?

बहुधा एम-चॅट-आर. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, ऑटिझमच्या चाळणीचा. हो-नाही उत्तरं. घाईत पालक वरून खालपर्यंत ‘हो’वर टिक करत जातात, आणि तिथेच फसतात: त्यातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि बाराव्या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर ‘नाही’ आहे. “मूल बहिरं तर नसेल, असं कधी वाटलं का?” याला ‘हो’ म्हणजे गुण वाढला. गुण २ पर्यंत आला तर सध्या चिंता नाही. ३ ते ७ असेल तर त्याच प्रश्नांवर खोलात बोलायचं असतं, आणि त्या बोलण्यात पुष्कळ मुलं मोकळी होतात. ८ किंवा जास्त असेल तर थेट पुढच्या तपासणीला. फॉर्म एकट्यानं, रांगेत उभं राहून भरू नका. कोणीतरी शेजारी बसून एकेक प्रश्न समजावून सांगायला हवा. आणि चार वर्षांच्या मुलासाठी हा फॉर्म कोणी पुढे केला, तर वयाची मर्यादा नम्रपणे दाखवून द्या.

तिथे जाऊन मूल रडलंच, काहीच केलं नाही. मग निकाल चुकीचा नाही का येणार?

येऊ शकतो, आणि कधी चूक मुलाची नसतेच. एका शिबिरात तीन वर्षांचा एक मुलगा माझ्या एकाही सूचनेला हलला नाही. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, ठोकळा पुढे केला. तो सतरंजीची किनार कुरतडत बसला. मी ‘सूचना पाळत नाही’ असं लिहायला पेन उचललं आणि मागे बसलेल्या आजीनं छत्तीसगढीत एकच वाक्य टाकलं. पोरगं उठलं, तिन्ही लाल ठोकळे वेचले आणि आजीच्या ओच्यात नेऊन टाकले. कामगार कुटुंब, घरात दुसरी भाषाच नाही. तेव्हापासून माझ्या कागदावर पहिली ओळ ‘घरची भाषा’ ही असते, आणि मुलाच्या जवळचं कोणीतरी खोलीत असल्याशिवाय मी सुरुवात करत नाही.

तुम्हीही एवढं करा: वेळ सकाळची मागा. झोपेच्या, भुकेच्या वेळी आणि नवतप्यात दुपारी दोनला तर मुळीच नको. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. घरी जे जमतं त्याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून आणा, आम्हाला ते खरंच उपयोगी पडतात. पहिल्या भेटीत मूल नाहीच रमलं तर ‘मूल रमलं नाही’ एवढंच लिहून दुसरी तारीख देणारी व्यक्ती चांगली, असं समजा.

नागपुरात सरकारी सोय कुठे आहे? पैसे लागतात का?

सगळ्यात जवळची सोय म्हणजे तुमची अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी असते. गाडीतून येणाऱ्या पथकात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर, या चार गटांत ते मुलं बघतात. शंका असलेल्या मुलाला चिठ्ठी देऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात आणि पुढचे उपचारही या कार्यक्रमात मोफत असतात. मूल खासगी बालवाडीत जात असेल तरी तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला भेटून पथक कधी येणार हे विचारा. सेविकाताईंना वस्तीतलं प्रत्येक घर पाठ असतं, आपणच त्यांना विसरतो.

थेट जायचं तर मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालरोग आणि कान-नाक-घसा दोन्ही विभाग आहेत. मेडिकलमध्ये तर ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण देणारी जुनी शाळा आणि उपचार केंद्रही आहे. मिहानमध्ये एम्स आहे, खापरीपर्यंत मेट्रोनं आणि पुढे ऑटोनं जाता येतं. सरकारीत वेळ लागतो, खेटे पडतात, हे लपवण्यात अर्थ नाही; पहिल्या दिवशी डबा, पाण्याची बाटली आणि एक जास्तीचं माणूस घेऊन जा. धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टर आणि केंद्रं भरपूर. तिथे फोनवरच तीन गोष्टी विचारा: तपासणी कोण करणार आणि त्यांची पदवी काय, लेखी रिपोर्ट मिळेल का, एकूण फी किती. “आधी थेरपीचं पॅकेज भरा, मग तपासू” असं कानावर आलं तर फोन ठेवा.

विकासाची तपासणी करायला गेलो आणि सिकलसेलबद्दल विचारलं. का?

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे आणि हा आजार असलेल्या मुलांना लहान वयातही पक्षाघाताचा धोका असतो, कधी मोठ्या लक्षणांशिवाय मेंदूला इजा होते. मग ‘शाळेत मन लागत नाही’ एवढंच दिसतं. सोल्युबिलिटीची चाचणी ही इथेही चाळणीच. ती पॉझिटिव्ह आली तर मूल वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचणीनं ठरतं. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे घरी नीट समजावून सांगा. याच ओघात हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघतात. रक्त कमी असलेलं मूल सुस्त दिसतं आणि आपण त्याला शांत स्वभावाचं म्हणतो.

रिपोर्टवर व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल), एसक्यू (सोशल क्वोशंट), डीक्यू (डेव्हलपमेंटल क्वोशंट) असं लिहिलंय. म्हणजे काय?

डीक्यू म्हणजे विकासाचं वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. मूल ४८ महिन्यांचं आणि कामं ३६ महिन्यांच्या मुलासारखी करत असेल तर ३६ भागिले ४८, म्हणजे ७५. एसक्यू हेच गणित, पण रोजच्या व्यवहारातल्या कौशल्यांवर: स्वतः जेवणं, कपडे घालणं, इतरांशी वागणं, ठिकठिकाणी जाणं. ते व्हीएसएमएसवरून काढतात. या मोजपट्टीचं भारतीय रूप ए. जे. मॅलिन यांनी १९६०च्या दशकात आपल्या नागपुरातच तयार केलं. आजही देशभरातल्या रिपोर्टांवर ‘मॅलिन, नागपूर’ असा उल्लेख सापडतो. इथल्या पालकांना मी हे मुद्दाम सांगते, कागद जरा कमी परका वाटतो. अर्थात इतक्या जुन्या पट्टीवरचे काही प्रश्न आजच्या फ्लॅटमधल्या मुलांना लागू पडत नाहीत, हेही रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवायचं.

एक आकडा म्हणजे मूल नव्हे. ७५ मध्ये चालणं-पळणं ९५ आणि बोलणं ५० असू शकतं. म्हणून रिपोर्ट हातात घेतल्यावर एकूण आकड्याखालचे वेगवेगळे भाग समजावून मागा.

शाळेला कळलं तर शिक्का बसेल. प्रवेश नाकारतील का?

ही भीती खोटी नाही. एका शाळेनं पालकांना “आधी नॉर्मल असल्याचा रिपोर्ट आणा” असं तोंडी सांगितल्याचं मी स्वतः ऐकलंय. लेखी मागा म्हटल्यावर विषय संपला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. हा कायदा मुख्यतः ६ ते १४ वयासाठी आहे, पूर्व-प्राथमिकसाठी तो सगळीकडे जशास तसा लागत नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थांवर भेदभाव न करता प्रवेश देण्याची जबाबदारी टाकली आहे.

विकास-तपासणीचा कागद तुमचा आहे. शाळेला द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे तुम्ही ठरवा. माझा अनुभव असा, की मुख्याध्यापकांऐवजी आधी वर्गाच्या ताईंशी बोलावं. “त्याला पुढे बसवा, सांगताना त्याच्याकडे बघून सांगा, एका वेळी एकच सूचना द्या” एवढ्या तीन ओळींची चिठ्ठी चार पानी रिपोर्टापेक्षा जास्त काम करते.

चार वर्षांची मुलगी अक्षरं उलटी काढते. डिस्लेक्सिया आहे का?

या वयात अक्षरं उलटी काढणं स्वाभाविक आहे. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या ८व्या वर्षाआधी देतच नाहीत, कारण वाचायला शिकवल्याशिवाय वाचता येत नाही हे कसं ठरवणार? तोवर यमकं जुळवणारी गाणी, गोष्टी, “क वरून काय काय?” असले खेळ.

दिव्यांग प्रमाणपत्र लगेच काढावं का?

घाई नको, लाजही नको. पाच वर्षांखालच्या मुलाला साधारणपणे ‘एकूण विकासात उशीर’ असं निदान आणि तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, पुढे पुन्हा तपासतात. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. थेरपी वर्षानुवर्षं चालते, तेव्हा हा आधार मोठा वाटतो.

आठवड्यातून दोनदा थेरपीनं काय होणार?

नुसत्या त्या दोन तासांनी फार नाही. थेरपिस्टकडून घरी करायच्या दोनच गोष्टी मागा, दहा नको. दहा सांगितल्या की एकही होत नाही. कणीक मळताना गोळा हातात देणं, मटार सोलणं, कपड्यांची घडी घालताना “बाबांचा कुठला?” विचारणं: ही थेरपीच आहे. तीन महिन्यांनी काय बदललं हे दाखवता आलं नाही तर थेरपिस्टला कारण विचारा, राग येऊ देत.

सासूबाई म्हणतात, काही नाही, उगाच डोक्यात खूळ. काय करू?

त्यांनाच सोबत आणा. गंमत नाही करत. दिवसभर मुलाबरोबर आजीच असते, तिला जे दिसतं ते नोकरीवरून आठला परतणाऱ्या आई-बाबांना दिसत नाही. घरी “काही नाही” म्हणणारी आजी माझ्यासमोर पाच मिनिटांत सांगते, “हाक मारली की बघत नाही बरं का हा, ताई.” आणि सुनेवरचा आरोप तिथल्या तिथे गळून पडतो. जे बाबा येत नाहीत त्यांना फक्त गाडी चालवायला बोलवा, आत येऊन बसतातच.

येताना काय आणायचं?

माता-बाल संरक्षण कार्ड. जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कागद, विशेषतः पेटीत ठेवलं असेल, कावीळ झाली असेल, झटके आले असतील तर. आधीचे कान-डोळ्यांचे रिपोर्ट. चालू औषधांचं पाकीट. मूल म्हणतं ते सगळे शब्द एका कागदावर, बोबडे असले तरी तसेच, समोर अर्थ लिहून: ‘मम’ म्हणजे पाणी, ‘टाटा’ म्हणजे बाहेर. मोबाइलमध्ये तीन व्हिडिओ: जेवताना, खेळताना आणि दुसऱ्या मुलासोबत असताना. एक आवडतं खेळणं, मुरमुऱ्याची पुडी, एक जास्तीची चड्डी. आणि घरून निघताना मुलाला “डॉक्टर सुई देतील हं” असं सांगू नका. आमच्याकडे सुई नाही, ठोकळे आहेत.